बिनआवाजाचा निरोप

आमच्या गल्लीत कुणी भांडलं की अख्ख्या परदेशीपुऱ्याला कळायचं, पण आमच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडच्या किसनकाकांच्या कानावरही जात नसे. आम्ही फार शहाणे होतो असं मुळीच नव्हे. बाबा मिलमध्ये मागावर होते. जिथे शेकडो माग एकदम खडखडत असतात, तिथे माणसाचा आवाज शेजारच्या माणसापर्यंत पोचत नाही. म्हणून तिथली माणसं नुसत्या ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, शब्द तोंडात नीट घडवायचा आणि समोरच्याने तो डोळ्यांनी वाचायचा. बाबांना ती सवय इतकी जडली होती की घरी आल्यावरही ते तसेच बोलत. पुढे मागांनी त्यांचे कान खाल्ले, तेव्हा आईलाही हीच बोली सोयीची झाली. लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं की आपल्याला मुक्याच्या गळ्यात बांधलं. मी बोलायच्या आधी ओठ वाचायला शिकले असणार. भाजीत मीठ जास्त झालं इथपासून ते ‘तुमच्या बहिणीला सांगून ठेवा’ इथपर्यंत सगळं आमच्याकडे चिडीचूप चालायचं. शेजारच्या बायका म्हणत, “सुमनबाई, तुमच्याकडे कैसी शांती असते हो, बुद्ध भगवानची कृपा आहे.” आई मान डोलवायची आणि वळून माझ्याकडे बघत नुसत्या ओठांनी म्हणायची, “घे, कृपा.”

घर म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि मोरी. पुढच्या खोलीत एका फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि फळीखाली आईचं शिलाई मशीन. साड्यांना फॉल लावायचं काम ती घरीच करायची. पहाटे मिलचा भोंगा झाला की भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. डब्यात भाकरी, मुगाची सुकी डाळ आणि लसणाची चटणी. रविवारी नाक्यावरचे पोहे, वर शेव, आणि बाबांचा मूड बरा असेल तर जिलेबी. डबा घेऊन बाबा उंबरठ्यावर थांबत, मागे वळत आणि ओठांनी म्हणत, “येतो.” आई तशीच म्हणायची, “या.” हे झाल्याशिवाय ते पायरी उतरत नसत. एकदा मी लहान असताना, आणायचं कबूल केलेलं काहीतरी त्यांनी आणलं नाही म्हणून, रुसून त्यांना ‘जा’ म्हटलं. आईने फाडकन तोंडात मारली. “बाहेर निघालेल्या माणसाला असं म्हणतात?” मार मला आता आठवत नाही, पण तिचा पांढराफटक पडलेला चेहरा आठवतो.

मी अकरावीत असताना मिल बंद झाली. बंद झाली असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. “आज नाही तर उद्या चालू होऊन जाईल,” असं म्हणत. बाबा आणि किसनकाका रोज अंघोळ करून, डबा घेऊन गेटवर जाऊन बसत आणि दुपारी तिथेच डबा खाऊन परत येत. इकडे गावात नवीन गोष्टींची गर्दी उसळली होती. घरोघरी केबल आली, जाहिरातींतल्या गोऱ्या बायका आमच्या गल्लीतल्या टीव्हीवर केस झटकू लागल्या, आणि विजयनगरकडे म्हणे मोठमोठ्या इमारती उठणार होत्या. आज त्यातल्याच एका इमारतीत मी राहते, लिफ्टने वर-खाली करते. तेव्हा मात्र आमच्या वस्तीला एकच गोष्ट कळत होती. भोंगा होत नव्हता. लोक चुकीच्या वेळी उठत, चुकीच्या वेळी जेवत. एवढी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत बाबांना माग ऐकू येऊ लागले.

पहिल्यांदा ते जेवता जेवता उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. “चालू झाली,” ओठांनी म्हणाले. आई पदराला हात पुसत बाहेर गेली, मीही गेले. गल्लीत एक कुत्रं झोपलं होतं, बाकी काही नव्हतं. बाबा मात्र हातातला घास विसरून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते गेटवर जाऊन आले. गेटला कुलूप. आवाज तरीही चालूच. मग त्यांच्या लक्षात आलं की तो बाहेरून येतच नाहीये. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं की कानाच्या नसा गेल्या आहेत, आवाज बहुतेक जुनाच आहे. इतकी वर्षं मिलच्या गोंगाटात तो कळला नाही, आता शांततेत कळतोय. औषध नाही. किसनकाकांना हे पटलं नाही. ते रोज येऊन बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत, “देख भिया, नीट ऐक, आपल्या बाजूचे चार माग पण सुरू आहेत का?” बाबा डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत, आहेत. मग काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला त्या दोघांची भीती वाटायची. तिन्हीसांजेला त्या बंद मिलच्या भिंतीजवळून येताना मी मोठमोठ्याने पाढे म्हणायचे, आतून मलाही काही ऐकू येऊ नये म्हणून.

बाबांची झोप उडाली. आईच्या एक लक्षात आलं होतं, की ती मशीन चालवत असली तर त्या खडखडीत बाबांच्या कानातला आवाज बुडतो आणि त्यांचा डोळा लागतो. म्हणून दुपारी काम संपलं तरी ती मशीन चालवत बसायची. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, नुसते पाय मारत राहायची. बाबा तिच्या पायांशी चटईवर झोपलेले. मी कॉलेजमधून आले की हे दिसायचं. पाय दुखले की ती मला खुणेने बोलवायची, मी बसायचे आणि ती उठायची, पण मशीन थांबू द्यायचं नाही. मध्ये एका पावलाचा खंड पडला तरी बाबा दचकून उठत.

गल्लीच्या टोकाला आमचा विहार होता. तिथले भंतेजी नागपूरकडचे, हसतमुख, आणि चहा सोडून कसलाही मोह नसलेले. बाबा पूर्वी पौर्णिमेपुरते विहारात जात, आता रोज जाऊन ध्यानाला बसू लागले. एका रविवारी धम्मदेसना चालू होती आणि भंतेजी निब्बान म्हणजे काय ते सांगत होते. दिवा तेल आणि वात संपल्यावर विझतो, तसं दुःख विझणं, असं काहीसं. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. बाबांनी सगळ्या सभेत ओरडून विचारलं, “भंतेजी, निब्बानात आवाज बंद होतो काय?”

पोरं फिदीफिदी हसली. भंतेजी हसले नाहीत. उठून बाबांच्या जवळ आले, समोर बसले आणि मोठ्याने, सावकाश म्हणाले, “आवाज बंद व्हावा अशी जी ओढ आहे ना, ती आधी विझते. मग आवाज असला काय, नसला काय.”

बाबांनी फक्त ‘विझते’ एवढं धरलं. माणूस आयुष्यभर माग बंद-चालू करत आला. मोक्षालासुद्धा कुठेतरी खटका असेल आणि तो सापडला की खाली ओढायचा, असं त्याला वाटलं तर त्यात नवल काय? घरी येऊन आईला ओठांनी म्हणाले, “बंद होतो म्हणे.” आईने विचारलं, “आणि मग तुम्ही?”

आमच्या मागच्या खोलीत एक जुनं कॅलेंडर होतं, साल उलटलं तरी चित्रासाठी ठेवलेलं. यशोधरा बाळाला कुशीत घेऊन झोपली आहे आणि दारात सिद्धार्थ वळून बघतोय, एक पाय बाहेर. लहानपणापासून मला ते चित्र आवडायचं नाही. विहारात मात्र आम्हाला गोष्ट वेगळी सांगितलेली होती. तो चोरासारखा गेला नाही, बायकोशी बोलून, तिची संमती घेऊन गेला. आई त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणायची, “हे खोटं आहे. आपल्याकडे तो विचारून गेलाय.” जणू काही तो आमच्याच गल्लीतून गेला होता. पुढे बाबा दिवसचे दिवस डोळे मिटून बसू लागले, तेव्हा मी ते कॅलेंडर काढून ट्रंकेच्या मागे सारलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भिंतीवर होतं. आईने लावलं की बाबांनी, ते मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात खंडव्याच्या पुढे एका विहारात श्रामणेर शिबीर होतं. आमच्यात ही रीतच आहे. संसारी माणूस दहा दिवसांपुरतं मुंडण करतो, भगवं चीवर घालतो, भिक्षूसारखा राहतो आणि मग चीवर उतरवून घरी येऊन बायकोच्या हातचं जेवतो. गल्लीतले पाच-सहा जण निघाले, किसनकाकाही. बाबांनी पिशवी भरली. उंबरठ्यावर थांबले, वळले, म्हणाले, “येतो.” आईने म्हटलं, “या.” तिने बरोबर लसणाची चटणी बांधून दिली होती.

सगळे परत आले, बाबा आले नाहीत. किसनकाका टक्कल घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि आत येईनात. “सुमनभाभी, त्यांनी चीवर उतरवलंच नाही हो. म्हणाले, इथेच राहून जातो. पक्की उपसंपदा घेणार म्हणे, कायमचे भिक्षू होऊन जाणार. मी बहुत समजावलं.”

आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, “उपसंपदा देताना काय विचारतात?”

“विचारतात ना. आजार आहे का, आई-वडिलांची परवानगी आहे का...”

“त्यांचे आई-वडील तर गेलेत.”

“हो. म्हणून अडचण नाही, बोलले.”

“आणि बायकोची?”

किसनकाकांनी टक्कल खाजवलं. “ते नाही विचारत, भाभी.”

आई पुन्हा भाजी निवडू लागली. काका गेल्यावर तिने निवडलेली भाजी आणि देठं एकत्र केली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं.

मेलेल्या माणसाचं घर कसं असतं ते गल्लीला ठाऊक होतं. आमच्या घराशी कसं वागायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काही बायका पाया पडायच्या, “सुमनबाई, आप तो भाग्यवान हो, घरातून संघाला माणूस दिलात.” एका म्हातारीने तिला हळूच विचारलं, की बांगड्यांचं काय करणार. आई म्हणाली, “काय करायचंय? जिवंत आहेत ते.” पण जिवंत माणूस घरात नसला की तो सगळीकडे असतो. त्यांची चप्पल दाराशी होती, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून आई ती रोज पुसायची. दुपार झाली की ती मशीनवर बसायची आणि बिनदोऱ्याचं मशीन चालवायची. खाली चटई अंथरलेली, चटईवर कुणी नाही. मी एकदा दारातूनच ओरडले, “आई, कोण झोपलंय तिथे?” ती थांबली. त्या क्षणी घरात जी शांतता झाली, तिच्यात मला खरोखर वाटलं की कुणीतरी दचकून उठलं. मी पुन्हा कधी ते विचारलं नाही.

तिचा राग बाबा गेले याचा नव्हताच. “विचारायचं होतं,” ती म्हणायची. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, मध्येच. “येतो म्हणून गेले. खोटं बोलून कुणी मुक्त होतं का?” मी विचारायचे, “विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?” त्यावर ती पुढची भाकरी थापायला घ्यायची. मला माझं उत्तर ठाऊक होतं. विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, म्हणजे संपलं. बाबा परत यावेत एवढंच मला हवं होतं, मग त्यांच्या कानात मिल चालो नाहीतर आगगाडी.

भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला आणि भंतेजींनी सांगितलं की भिक्षुसंघ आमच्या वस्तीत पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला येणार, त्यात बाबाही असतील. गल्ली धुतली गेली, दारोदार रांगोळ्या पडल्या, कुणीतरी निळ्या-पिवळ्या पताका लावल्या. आई पहाटे उठली. ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाची डाळ, तांदळाची खीर. शेवटी पाट्यावर लसणाची चटणी वाटायला बसली, तेव्हा मी म्हटलं, “हे चालतं का त्यांना?” ती म्हणाली, “भांड्यात पडेल ते खायचं असतं त्यांना. नियम आहे.” आणि कितीतरी महिन्यांनी ती मला गालातल्या गालात हसताना दिसली.

उन्हं वर आली तेव्हा ते आले. एका ओळीत, अनवाणी, नजर खाली. भिक्षू मागत नाही, बोलत नाही, कुणाकडे बघत नाही. दारापुढे थांबतो, पात्रात जे पडेल ते घेतो आणि पुढे जातो. प्रत्येक दारातून “साधु, साधु, साधु” ऐकू येत होतं. तिसरे की चौथे बाबा होते. मी त्यांना आधी पायांवरून ओळखलं. डोकं, भुवया सगळं भादरलेलं, चेहरा लहान झालेला. त्यांना नवं नाव मिळालं होतं. मी ते इथे लिहीत नाही, ते मला कधी आपलं वाटलंच नाही.

आमच्या दारापुढे ते थांबले. आई ताट घेऊन उभी होती, मी तिच्या खांद्याशी. आईने वाढलं नाही. ओळ थांबली. मागचे भिक्षू नजर खाली ठेवून उभे राहिले. गल्ली वाट बघत होती. बायकांना वाटलं, हिला भरून आलं असेल. तेव्हा बाबांनी नजर वर केली, जी करायची नसते. त्यांचे ओठ हलले.

“सुमन.”

त्यांनी तिचं नाव कधी घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. आईचेही ओठ हलले, “आवाज?” बाबांनी अगदी थोडी मान हलवली. थांबला नव्हता. मग त्यांच्या ओठांवर तो शब्द आला, सगळ्यांच्या देखत, आणि आम्हा दोघींशिवाय गल्लीत कुणालाच तो कळला नाही. गल्लीत मागावरचे दुसरे म्हणजे किसनकाका, त्यांना कळला असता, पण ते पाया पडायला वाकलेले होते.

“जाऊ?”

मला इतका आनंद झाला की मी आईचा पदर धरला. आता तिने ‘नाही’ म्हणायचं होतं. नाहीतर रोजचं ‘या’ म्हणायचं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. ते चीवर खाली पडेल आणि बाबा पायरी चढून आत येतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या डोळ्यांतही ते होतं, मी आजही शपथेवर सांगेन. ते परवानगी मागत होते, आणि ती मिळू नये अशी आशाही करत होते.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ उघडले. शब्द नीट घडवलेला, मिलमध्ये मागांच्या खात्यात बोलतात तसा.

“जा.”

तिने पात्रात भाकरी ठेवली, भाकरीवर चटणी. मग खाली बसून जमिनीला डोकं टेकवलं. गल्ली “साधु, साधु, साधु” म्हणाली. बाबांनी नजर खाली केली आणि पुढच्या दाराकडे गेले. त्यांनी वळून बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. मग राहवलं नाही. मी किंचाळले. आमच्या घरातलं ते पहिलं मोठ्या आवाजातलं भांडण, पलीकडे किसनकाकांनी रेडिओ बंद केला. “का म्हणालीस? तू ‘या’ म्हटलं असतंस तर ते आले असते!”

“हो,” आई म्हणाली. “आले असते.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेटवर बसले असते.” ती चुलीपुढची राख गोळा करत होती. “त्यांनी विचारलं गं मंदा. शेवटी विचारलं. मला एवढंच हवं होतं. आता मी कशाला धरून ठेवू?” आणि मग ती रडली, तेही बिनआवाजाचं, म्हणून मी जवळ जाऊन बसेपर्यंत मला कळलंच नाही. त्या दिवसानंतर तिने मशीन कामाशिवाय चालवलं नाही. मला मात्र तिचा राग सोडायला फार वर्षं लागली, बाबांवरच्या रागापेक्षा कितीतरी जास्त. हल्ली माझ्याही कानात बारीक खडखड असते. डॉक्टर म्हणतात, वयोमान. सिद्धार्थ परत आला तेव्हा त्याच्या मुलाने, राहुलने, त्याच्याकडे बापाचा वारसा मागितला होता म्हणतात. मी काही मागितलं नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाबा गेल्याचा निरोप घेऊन एक म्हातारे भिक्षू आमच्याकडे आले. शेवटपर्यंत ते बाबांच्या जवळ होते. आईने त्यांना जेवायला वाढलं आणि समोर बसली. “शांतपणे गेले, उपासिके,” ते म्हणाले. “शेवटी तास-दोन तास त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. गाथा म्हणत होते.”

आईचा हात वाढता वाढता थांबला. “कसे हलत होते?”

“गाथाच असणार. दुसरं काय?”

“कसे हलत होते ते करून दाखवा.”

म्हाताऱ्या भिक्षूंनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या समाधानासाठी त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यातून कोणताच शब्द होत नव्हता. आई त्यांच्या जवळ सरकली, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांना लावला, आणि म्हणाली, “पुन्हा एकदा. सावकाश.”